शेतीरक्षणाच्या बंदुकीची फुगलेली नळी कापून घेता येते का?

भाटकार_सत्तरी यांचा प्रश्न

नमस्कार. गोव्यात सत्तरी तालुक्यात आमचे काजूचे भाट, म्हणजे बाग, आहे आणि त्याखाली ओहोळाच्या कडेने थोडे कुळागर, म्हणजे सुपारी-केळीची बागायत, आहे. माझ्या वडिलांच्या नावावर शेतीच्या संरक्षणासाठी मिळालेला शस्त्र परवाना असून त्यावर बारा बोअरची एकनळी बंदूक, म्हणजे परवान्याच्या भाषेत एसबीबीएल (सिंगल बॅरल ब्रीच लोडिंग, मागून काडतूस भरायची), नोंदलेली आहे. परवान्याचे नूतनीकरण वेळच्या वेळी झालेले आहे, त्यामुळे त्या बाजूने काही अडचण नाही.

अडचण बंदुकीचीच आहे. पावसाळाभर ती माजघराच्या कोपऱ्यात उभी होती आणि त्या काळात कुंभारीण माशीने नळीच्या तोंडातून आत मातीचे घर बांधले, हे कोणाच्याच लक्षात आले नाही. केळीच्या लोंगरांवर माकडे उतरली म्हणून वडिलांनी त्यांना घाबरवण्यापुरता हवेत एक बार काढला, तेव्हा आवाज नेहमीसारखा खणखणीत न येता बसका आला. नंतर पाहतो तर तोंडापासून साधारण तीन बोटांवर नळीला बांगडीसारखा फुगवटा आलेला आहे. बाहेरून बोट फिरवले की तो हाताला लागतो, आणि उजेडाकडे धरून आतून पाहिले की त्या जागी एक काळे कडे दिसते. वडिलांना इजा झाली नाही, हे नशीब.

आमच्या गावातील लोहार म्हणतो की फुगलेला भाग चार इंच कापून टाकू, तोंड कानशीने सारखे करू, अर्ध्या तासाचे काम आहे. नळी सध्या ३० इंच आहे, म्हणजे कापल्यावर २६ इंच उरेल. इंटरनेटवर वाचले की १८ इंचांपेक्षा आखूड नळी असेल तरच ती बेकायदा ठरते. माझे प्रश्न असे आहेत: २६ इंच नळीची बंदूक कायद्याने वेगळ्या वर्गात जाते का, जात नसेल तर कापण्यापूर्वी कोणाची परवानगी घ्यावी लागते का, आणि वडील आता ७८ वर्षांचे असल्यामुळे बंदूक दुरुस्तीला मी एकट्याने नेली तर चालेल का?

पेडण्याचा_काजूवाला

आपण उगाच काळजी करत आहात असे मला वाटते. १८ इंचांची मर्यादा मीही वाचलेली आहे. माझा मावसभाऊ ब्रिटनमध्ये स्विंडनला असतो, त्याच्या म्हणण्याप्रमाणे तिकडे मर्यादा २४ इंचांची आहे. तुमची नळी कापूनही २६ इंच राहणार, म्हणजे कोणताही आकडा धरला तरी आपण सुरक्षित आहात. बंदूक तीच, परवाना तोच, लोहार गावचाच. चार इंच लोखंडासाठी सरकारी कचेरीच्या पायऱ्या कशाला झिजवायच्या?

बार्देशचा_वकील

वरील सल्ला कृपया मानू नये. ज्या बंदुकीचा परवाना भारतात आहे तिला भारताचाच कायदा लागतो, आणि त्यात १८ हा आकडाही नाही आणि २४ हाही नाही.

१८ इंच ही मर्यादा अमेरिकेच्या १९३४ च्या राष्ट्रीय बंदूक कायद्यातून आलेली आहे. तेथे १८ इंचांपेक्षा आखूड नळीची किंवा एकूण २६ इंचांपेक्षा कमी लांबीची छऱ्याची बंदूक (शॉटगन) केंद्र सरकारकडे नोंदवावी लागते आणि तिच्यावर २०० डॉलर कर होता. तो कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला असला तरी नोंदणीचे बंधन सुटलेले नाही. २४ इंच हा आकडा ब्रिटनच्या १९६८ च्या कायद्यातील आहे. त्याआधीच्या १९३७ च्या ब्रिटिश कायद्यात तो २० इंच होता आणि आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमातही २० इंच हाच आकडा आहे. तो तिकडूनच आला असावा असा माझा तर्क आहे, तर्कापेक्षा अधिक काही नाही.

आता आपल्या कायद्याकडे वळतो. येथे दोन गोष्टी वेगवेगळ्या धरल्या पाहिजेत, कारण बहुतेकांचा गोंधळ त्या एकत्र केल्यामुळेच होतो. एक म्हणजे बंदूक कोणत्या वर्गात मोडते, आणि दुसरी म्हणजे नळी कापण्याची क्रिया.

वर्गाचे उत्तर २० इंचांवर अवलंबून आहे. अधिनियमाच्या कलम १३(३)(अ) मध्ये म्हटले आहे की, संरक्षणासाठी किंवा खेळासाठी वापरायच्या, ज्यांच्या नळीत आटे नाहीत अशा गुळगुळीत आणि किमान २० इंच लांबीच्या नळीच्या बंदुकीसाठी नागरिकाने अर्ज केला, तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने तो द्यावा. अर्थात कलम १४ मधील नकाराची कारणे नसतील तर. शेतीरक्षणासाठी त्याच कलमात मुळात ठासणीच्या (तोंडातून दारू ठासून भरायच्या) बंदुकीचा उल्लेख आहे, आणि ती पुरेशी पडत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर वरील वर्णनाची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याची मुभा आहे. आपल्या वडिलांची एसबीबीएल बहुधा याच परंतुकाखाली आलेली असणार. नळी २० इंचांखाली गेली की ती बंदूक या कलमाच्या आश्रयातून बाहेर पडते आणि शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत प्रवर्ग १(ब) मध्ये जाते. त्या ओळीत तिच्या शेजारी कोण बसले आहे हे पाहण्यासारखे आहे: अर्धस्वयंचलित बंदुका. त्या प्रवर्गाचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात नसतो, तो केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो.

एक बारकावा येथेच नोंदवतो. लोक अशा बंदुकीला सरसकट प्रतिबंधित शस्त्र म्हणतात, परंतु अधिनियमाच्या कलम २ मधील प्रतिबंधित शस्त्राच्या व्याख्येत आखूड नळीच्या बंदुकीचे नाव नाही. तेथे चाप दाबून धरला असेपर्यंत गोळ्या सुटत राहणारी शस्त्रे, विषारी वायू किंवा द्रव फेकणारी शस्त्रे, तोफा वगैरे आहेत. आखूड बंदूक १(ब) मध्ये येते ती नियमांच्या अनुसूचीमुळे. खटल्यात आरोप कोणत्या कलमाखाली ठेवायचा, या प्रश्नात हा फरक महत्त्वाचा ठरतो. आपल्यासाठी एवढे पुरे की २६ इंच नळीची बंदूक १(ब) मध्ये जात नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या बाजूचे आहे.

दुसऱ्याचे नाही. कलम ६ सांगते की त्यासाठीचा परवाना असल्याशिवाय कोणत्याही व्यक्तीने अग्निशस्त्राची नळी आखूड करू नये. किती आखूड, हे त्या कलमात नाही. कापल्यावर २० इंच उरली की २६ की २९, याला तेथे काहीच महत्त्व नाही; कापणे हीच क्रिया परवान्याची आहे. ब्रिटिश कायद्यात २४ इंचांखाली कापण्याला मनाई आहे, आणि सदोष भाग बदलण्यासाठी नोंदणीकृत विक्रेत्याला काही सूटही आहे. आपल्या कलमात तशी खिडकी ठेवलेली नाही. मावसभावाचे म्हणणे स्विंडनसाठी बरोबर असेल, सत्तरीत ते उपयोगाचे नाही.

शिक्षेबद्दल सांगितले नाही तर हे सारे शब्दांचे खेळ वाटतील. कलम ६ चा भंग करून नळी आखूड करणाऱ्याला कलम २५(१)(ब) लागू होते. १९८८ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा ३ ते ७ वर्षे होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेप, शिवाय दंड, अशी केली. आपला लोहार अर्ध्या तासाच्या कामाची जी काही मजुरी घेणार असेल, तिच्या तुलनेत हा आकडा पाहावा. त्यातही त्याच्यावर कलम ५ चा बोजा वेगळा, कारण अग्निशस्त्राची दुरुस्ती करणे हेही त्या कलमाखाली परवान्याचे काम आहे आणि त्याच्या भंगालाही तीच शिक्षा आहे. कापून घ्यायला सांगणारा मालकही नामानिराळा राहत नाही.

तिसरा प्रश्न सोपा आहे. कलम ३ च्या परंतुकाप्रमाणे परवानाधारकाच्या समक्ष, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने, दुसरी व्यक्ती स्वतःचा परवाना नसतानाही बंदूक दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी नेऊ शकते. वडिलांच्या सहीचे पत्र, त्यावर बंदुकीचा क्रमांक, कोणाकडे आणि कोणत्या कामासाठी नेत आहात ते, आणि सोबत मूळ परवाना एवढे जवळ ठेवावे. काडतुसे घरीच कुलपात राहू द्यावीत. अर्थात नेणार ते परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडे. ज्याला शस्त्र बाळगण्याचा अधिकार आहे की नाही याची खातरजमा न करता त्याच्या हाती शस्त्र देणे हा कलम २९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

पेडण्याचा_काजूवाला

वकीलसाहेब, चूक मान्य करतो, परंतु एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरत नाही. पिस्तूल तर वीतभर लांबीचे असते. त्याचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकतात, मग १९ इंच नळीच्या बंदुकीसाठी दिल्ली कशाला? आणि हा सगळा कायदा गुन्हेगारांसाठी आहे ना? ज्याची नळी फुगली तो बिचारा शेतकरी त्यात कसा बसतो?

बार्देशचा_वकील

पहिला प्रश्न वाजवी आहे आणि तो फक्त आपल्यालाच पडलेला नाही. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर प्रवर्ग ३(अ) मध्ये आहेत, आणि त्यातील ज्यांच्यात लष्करी जातीची काडतुसे चालतात ती वगळता जिल्हा पातळीवर त्यांचा परवाना मिळू शकतो. आखूड बंदुकीवरील बंधनामागे कारण असे आहे की, लांब बंदूक तुलनेने सहज मिळावी म्हणून कायद्याने शेतकऱ्याला आणि नेमबाजाला सवलत दिली. ती सवलत घेऊन कोणी नळी कापली तर अंगरख्याखाली लपेल असे शस्त्र पिस्तुलाची कडक तपासणी चुकवून तयार होते. सवलतीचे कुंपण म्हणून २० इंच. अमेरिकेत तर याच विचारात गंमत झाली. १९३४ च्या मूळ मसुद्यात पिस्तुलेही होती आणि आखूड बंदुकांचे कलम पिस्तुलांवरील बंधनाला पळवाट राहू नये म्हणून घातले होते. पुढे पिस्तुले मसुद्यातून गळाली आणि पळवाट बुजवणारे कलम तेवढे शिल्लक राहिले. १९३९ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयापुढे मिलर खटला आला तो अशाच १८ इंचांपेक्षा आखूड केलेल्या एका दुनळीवरून.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल एवढेच म्हणेन की कलम ६ च्या शब्दांत हेतूची अट कोठेही लिहिलेली नाही. माझा हेतू चांगला होता, हे सांगण्याची जागा कोर्ट आहे, आणि तेथपर्यंत जावे लागणे हीच निम्मी शिक्षा असते. शिवाय गोष्ट लपूनही राहत नाही. निवडणूक आली की आपल्याकडील शेतकऱ्यांना बंदुका पोलीस स्थानकात जमा कराव्या लागतात, हे आपण जाणताच. त्या वेळी परवाना आणि बंदूक एकाच टेबलावर येतात.

जुना_शस्त्रकारागीर_सासष्टी

या विषयात कायद्याचे मला फारसे कळत नाही, परंतु मी बंदुका दुरुस्त करण्याच्या परवानाधारक दुकानात अनेक वर्षे काम केले आहे, म्हणून बंदुकीच्या बाजूने लिहितो.

सर्वांत आधी, त्या बंदुकीतून आता एकही बार काढू नका. बाहेरून बांगडीएवढा फुगवटा दिसतो तेव्हा त्या जागचे पोलाद ताणले गेलेले असते आणि त्याला लागून केसाएवढी चीर असू शकते, जी तेल लावलेल्या नळीवर डोळ्यांना दिसत नाही. आम्ही अशा नळीवर आधी रॉकेल फिरवत असू, ते कोरड्या फडक्याने पुसून वर खडूची पूड लावत असू आणि थोडा वेळ थांबत असू. चीर असली तर आत मुरलेले रॉकेल पुडीवर ओल्या रेषेसारखे उमटते. ही रेषा फुगवट्यापासून मागे किती आली आहे यावर सगळे ठरते. म्हणजे फुगा तोंडापासून तीन बोटांवर दिसतो म्हणून दोष चार इंचांच्या आतच संपतो, हे लोहाराने कशावरून ठरवले?

दुसरी गोष्ट, जुन्या एकनळी बंदुकांना तोंडाकडच्या शेवटच्या दोनतीन इंचांत नळी आतून किंचित आवळलेली असते, त्याला चोक म्हणतात. छर्रे एकत्र ठेवण्याचे काम तो आवळा करतो. चार इंच कापले की चोक पूर्ण गेला, आणि छर्रे लवकर पसरू लागतात. लोकांना वाटते की नळी आखूड झाल्यामुळे छर्रे पसरतात. खरे तर लांबीपेक्षा चोक गेल्याचा तो परिणाम जास्त असतो. बागेत, जेथे चाळीस पावलांवर शेजाऱ्याची पडवी असते, तेथे हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कानशीने घासलेले तोंड तर कधीच सारखे येत नाही.

माझ्या मते कापण्याचा विचारच सोडून द्यावा आणि नळी बदलून घ्यावी. एकनळी बंदुकीची नळी बिजागरीवर मोडते आणि पुढचा लाकडी हातगुंडा काढला की वेगळी होते, त्यामुळे त्याच घडणीची, त्याच बोअरची नळी परवानाधारक विक्रेत्यामार्फत मिळवून बसवणे अशक्य नाही. बसवताना मागचे तोंड आणि चौकट यांच्यामध्ये फट राहू नये म्हणून थोडे घासून जुळवावे लागते, ते मात्र हाताचे कसब आहे. नळीवर, चौकटीवर आणि कधी लाकडाखाली क्रमांक असतो. नवी नळी बसली की क्रमांक जुळणार नाही, म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवून परवानगी आणि नंतर परवान्यावर नोंद, असा क्रम ठेवावा. आमच्या मालकांची सवय होती की गिऱ्हाईक कितीही ओळखीचे असले तरी कागद पाहिल्याशिवाय बंदूक काउंटरवर ठेवू द्यायची नाही. लोकांना राग येत असे.

नळीची लांबी मोजण्याविषयी: आपण ३० इंच म्हणता ते कोठून मोजले? काही जण घोड्यापासून टेप लावतात. नळी मोडून, काडतूस बसते त्या मागच्या तोंडापासून पुढच्या तोंडापर्यंतची लांबी ती नळीची लांबी.

नेत्रावळीच्या_वाटेवर

वर सर्व आले आहे, एक मुद्दा राहिला. कोणी आपल्याला सांगेल की एवढा त्रास करण्यापेक्षा जुना परवाना परत करा आणि नवी बंदूक, नवा परवाना घ्या. आपले भाट सत्तरीत आहे, म्हणजे म्हादई अभयारण्य जवळ असण्याची शक्यता मोठी आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांना मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नाव नोंदवावे लागते, आणि त्या पट्ट्यात त्यांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्र परवाना देता येत नाही. आमच्या घरी हे उशिरा कळले. आजोबांनंतर परवाना तसाच सोडून दिला, बंदूक जमा केली, आणि काकांनी पुढे नव्याने अर्ज केला तेव्हा तो एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत राहिला. आता त्यांच्याकडे फटाके आणि दोन कुत्रे आहेत. म्हणून चालू परवाना सोडू नका. तसेच शेतीरक्षणाचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारण्याची परवानगी नव्हे, हेही कोणीतरी लिहायला हवे होते, म्हणून लिहितो.

भाटकार_सत्तरी

सर्वांचे आभार. आज सकाळी नळी मोडून पुन्हा मोजली. कारागीर काकांचा संशय खरा निघाला. मी घोड्याजवळून टेप धरली होती, प्रत्यक्षात नळी साडेअठ्ठावीस इंच आहे. रॉकेल आणि खडूची पूडही लावून पाहिली. फुगवट्यापासून मागे, दस्त्याच्या बाजूला, दीड इंचापर्यंत एक ओली रेषा उमटली. म्हणजे लोहाराने चार इंच कापूनही चिरेचे टोक बहुधा आतच राहिले असते.

वडिलांना हे दाखवले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी परवाना काढून दिला आणि पत्र तूच लिही, सही मी करतो, असे म्हणाले. पत्रात बंदुकीचा क्रमांक, दुरुस्तीचे कारण आणि माझे नाव घातले आहे. नळी बदलण्याच्या परवानगीचा अर्ज सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात देईन आणि पोच घेईन. त्यानंतरच बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे जाईल. कलम ३४ ची नोंदणी झालेली आहे की नाही हे वडिलांना आठवत नाही, त्याचीही चौकशी त्याच दिवशी करतो.

वकीलसाहेबांना एकच विचारायचे आहे: अर्जात फुगवटा कसा आला ते सविस्तर लिहावे, की नळी सदोष झाली एवढेच पुरे?

बार्देशचा_वकील

सविस्तर लिहा, माशीच्या घरासकट. फुगवट्याची दोन छायाचित्रे जोडा, एक टेप लावून काढलेले असू द्या. आणि लोहाराला आजच निरोप पाठवा की काम होणार नाही.